ट्रक सुरू होत नाही? आधी धूर पाहा

सभासद बंधूंनो,

तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर हंगामात सांगतो. ऊस वाळला की वजनात एका सभासदाचा तोटा, आणि उतारा घटला की सर्वांचाच. पण बारामती-इंदापूर भागात कित्येकदा तोड वेळेवर होते, मोळ्या भरून होतात आणि पहाटेच्या थंडीत गाडीच सुरू होत नाही. मग सेल्फ मारमारून बॅटरी उतरवायची आणि दुपारपर्यंत मिस्त्रीची वाट पाहायची. ही माहिती जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या ट्रक-ट्रॅक्टरसाठी आहे. नव्या कॉमन रेल गाडीचे पाइप कोणी खोलू नयेत. तिथला दाब जिवावर बेतेल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते पेटते. त्यामुळे इंजिन जोराने फिरले पाहिजे आणि डिझेल पोचले पाहिजे. सेल्फ मारताना हेडलाइट मंदावत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनल आणि अर्थची पट्टी बघा. टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन निघतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारावा व मध्ये मिनिटभर थांबावे.

इंजिन नीट फिरते, तर सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते, पण पेटत नाही. इंजिन फार गार आहे, डिझेलमध्ये पाणी आहे, नाहीतर कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग गेले आहे. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. आधी स्टॉप केबल अडकली आहे का ते बघावे. निम्मे लोक हे विसरतात!

त्यानंतर एअर. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे पाइपचे नट. नट थोडे सैल करून सेल्फ मारला की डिझेल ठिबकले पाहिजे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात नेऊ नये, तो कातडीत घुसतो.

एअर पुन्हा पुन्हा धरत असेल तर टाकी ते फीड पंप हा पाइप संशयास्पद. तिथे फट असली तरी डिझेल गळताना दिसत नाही, कारण पंप आत ओढतो आणि फटीतून हवा घेतो. खात्रीसाठी स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून वेगळा पाइप फीड पंपाला जोडा. गाडी चालली, तर दोष टाकीत किंवा त्या पाइपात. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी व गाळ साठतो. झाकण हरवले म्हणून चिंधी कोंबलेल्या टाक्या तर आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. हंगामापूर्वी बूच काढून तळ धुवावा आणि फिल्टर बदलावा.

पंपाचे सील घरी तोडू नये. ते काम टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचे. एअर फिल्टरमध्ये पेट्रोल टाकून गाडी उठवायचा प्रकारही नको. तासाभरात गाडी निघण्याचे चिन्ह नसेल, तर गट ऑफिसला कळवा आणि टोळीला पुढची तोड थांबवायला सांगा.

— ऊस विकास अधिकारी