अक्षरे घडवणारे घराणे

प्रस्तावना

पुस्तक वाचताना आपले लक्ष आशयाकडे असते. अक्षरे घडवणारे हात सहसा अज्ञातच राहतात. अशाच काही हातांचा परिचय या पाठात करून दिला आहे.

पाठ

इंग्लंडमध्ये विल्यम कॅस्लन याने अठराव्या शतकात सुरू केलेला खिळे ओतण्याचा व्यवसाय त्याच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला. महाराष्ट्रात अशी परंपरा जावजी दादाजी चौधरी (1839–1892) यांनी निर्माण केली. घरच्या गरिबीमुळे लहान वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात, टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली, टाइप घासण्याच्या कामास लागले. शालेय शिक्षण फारसे नव्हते. पण तेथे त्यांची नजर तयार झाली. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला.

देवनागरीचे खिळे घडवणे हे कष्टाचे काम होते. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे या लिपीला शेकडो खिळे लागतात. प्रत्येकासाठी पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. ठशात केसभर चूक राहिली, तर ती प्रत्येक पानावर उमटणार! हे कोरीव काम राणोजी रावजी आरू यांनी इतक्या कौशल्याने केले की, बारीक अक्षरेही सुबक व सुवाच्य झाली.

या टाइपांनी पोथ्यांतील विद्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचवली. 1886 पासून निघालेल्या ‘काव्यमाला’तून अनेक संस्कृत काव्ये प्रथमच प्रकाशात आली. शुद्ध छपाई हा निर्णयसागरचा लौकिक ठरला. जावजींच्या निधनानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी तो जपला.

पुढे संगणक आला आणि खिळ्यांची जुळणी मागे पडली. तरीही अक्षराचे वळण आजही माणसालाच ठरवावे लागते. इतरांचे खिळे घासणाऱ्या एका मुलाने हे वळण आपल्या कष्टांनी सुंदर केले, हे वाचकाने विसरू नये.

शब्दार्थ

खिळा (टाइप) – छपाईसाठी धातूत ओतलेले अक्षर
सुवाच्य – सहज वाचता येणारे
लौकिक – कीर्ती

स्वाध्याय

1. देवनागरीला शेकडो खिळे का लागतात?
2. ठशातील लहानशी चूकही गंभीर का ठरते?
3. तुमच्या परिसरातील एखाद्या पिढीजात व्यवसायाची माहिती आठ-दहा ओळींत लिहा.