जुन्या फटफटीची वाढलेली रेस : निदान आणि उपाय

आपल्या भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या भागांत आजही कित्येक घरी वडिलांच्या वेळची बुलेट जपून ठेवलेली आढळते. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. प्रथम इंग्लंडहून आलेले भाग जोडून, आणि पुढे भाग येथेच तयार करून, ही ३५० ची गाडी बाहेर पडू लागली. तिच्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. अशी लांब धावेची इंजिने सावकाश फिरून जोराने ओढणारी असतात. गावात ही गाडी गोड चालते, पण सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर नेली की पुष्कळांची एकच तक्रार ऐकू येते : “साठालाच इंजिन ओरडते, रेस फार होते.” या तक्रारीचे निदान कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो. ज्या गाडीवर वडिलांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी नोकरी केली, तिला हेच दुखणे जडले. एका कारागिराने आवाज ऐकताच इंजिन संपल्याचे सांगितले. त्याच्या सांगण्यावरून बोअर करून नवा पिस्टन घातला. पैसे गेले आणि चढावर रेस पूर्वीपेक्षा अधिकच होऊ लागली! वडील खिन्न होऊन म्हणाले, “आता देऊन टाका भंगारात.” त्याच सुमारास एका वृद्ध परिचिताने सहज विचारले, “किक मारताना पाय मोकळा जातो काय हो?” जात होता. दोष इंजिनात नव्हताच. तो क्लचमध्ये होता. इंजिनाची ताकद वाढली, तसा झिजलेला क्लच जास्तच घसरू लागला होता.

यावरून घ्यावयाचा धडा असा की, पाना हाती घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : रेस वाढते तेव्हा वेगही वाढतो काय? टॉप गिअरमध्ये चढावर किंचित रेस द्यावी. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी मात्र होती तशीच राहिली, तर क्लच घसरतो असे समजावे. बुलेटची किक गिअरपेटी व क्लच यांच्यामार्फत इंजिन फिरवते. म्हणून घसरणारा क्लच किकलाही कळतो. उपाय स्वस्तापासून महागाकडे करावेत. केबल ताणलेली नाही ना, हे पाहून मुठीपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवावी. मग क्लचच्या डब्यातील तेल पाहावे. मोटारींसाठी निघणाऱ्या काही आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात; ती येथे घातक ठरतात. त्यानंतर स्प्रिंगा, आणि सर्वांत शेवटी क्लचप्लेटा. आमच्या गाडीला प्लेटा बदलताच गुण आला.

दुसरा प्रश्न : वेग आणि रेस बरोबरीने वाढतात, तरीही रेस जास्त वाटते काय? मग दाते मोजावेत. आमच्या गाडीत इंजिनाच्या चक्राला २५, क्लचच्या चक्राला ५६, गिअरपेटीच्या चक्राला १६ आणि मागच्या चाकाच्या चक्राला ३८ दाते आहेत. ५६ ला २५ ने भागून २.२४ येतात, ३८ ला १६ ने भागून २.३७५, त्यांचा गुणाकार ५.३२. म्हणजे टॉप गिअरमध्ये मागचे चाक एकदा फिरले की इंजिनाचे ५.३२ फेरे होतात. चाकावर खडूची खूण करून गाडी ढकलली, तेव्हा एका फेऱ्यात सुमारे २ मीटर अंतर पडले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, चाकाचे ५०० फेरे, इंजिनाचे २६६०. गिअरपेटीच्या चक्राला १६ ऐवजी १५ दाते असतील, तर हेच फेरे सुमारे २८४० होतील. चेन बदलताना असा एका दात्याचा फरक सहज नजरेआड होतो.

झाकणे न उघडता हे तपासण्याची एक युक्ती आहे. चावी बंद करून गाडी डबल स्टँडवर घ्यावी, प्लग काढावा, टॉप गिअर टाकावा आणि पॉइंटचे झाकण काढावे. पॉइंट इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. मागचे चाक सहा वेळा हाताने पुढच्या दिशेने फिरवावे. वरील हिशेबात पॉइंट १६ वेळा उघडेल; गिअरपेटीच्या चक्राला १५ दाते असल्यास १७ वेळा, १७ असल्यास १५ वेळा. चाक टायर धरून फिरवावे. चेन आणि चक्र यांच्याजवळ बोटे नेऊ नयेत.

येथे काट्याचीही परीक्षा घ्यावी. काटा ६० वर स्थिर ठेवून मागे बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. बरोबर ६० सेकंद लागले, तर काटा खरा. ५२ लागले, तर गाडी प्रत्यक्षात ६९ ने धावते आहे, आणि इंजिन ओरडते ते रास्तच आहे.

तिसरा प्रश्न : मूठ सोडल्यावरही रेस उतरत नाही काय? मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना वळवावे. रेस बदलली, तर केबल कोठेतरी ओढली जाते आहे. न बदलल्यास कार्ब्युरेटरचा सरकता भाग अडकतो काय ते पाहावे, तसेच कार्ब्युरेटर इंजिनाला जोडला जातो तेथून हवा शिरते काय, तेही तपासावे. फाजील हवेने प्लग पांढरट पडतो आणि इंजिन तापते. तेव्हा हा दोष अंगावर काढू नये.

तिन्ही परीक्षांत दोष सापडला नाही, तर कदाचित दोष नसेलही. ही गाडी तिच्या काळाच्या रस्त्यांसाठी बांधलेली आहे. आज तिच्या शेजारून शंभराने मोटारी जातात, म्हणून तिनेही तसेच धावावे ही अपेक्षा योग्य नव्हे. पन्नास-साठाने चालविल्यास ती पुढच्या पिढीलाही साथ देईल. आमची गाडी भंगारात गेली नाही; वडील अजूनही सकाळी तिला स्वतः किक मारतात, आणि पाय आता मोकळा जात नाही.