मेंदीचा रंग

मेंदीचे पान हिरवेगार असते. लाल रंगाची त्यात कोठे खूणही दिसत नाही. पण वाळलेल्या पानांचे वस्त्रगाळ चूर्ण लिंबाचा रस घालून पाण्यात कालवले व काही तास भिजू दिले, म्हणजे लॉसोन नावाचे रंगद्रव्य पानातून मोकळे होते आणि त्वचेतील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते. मेंदी काढल्यावर हात प्रथम नारिंगी दिसतो. खरा तांबूस रंग चढण्यास एकदोन दिवस लागतात. तळव्यांची त्वचा जाड, म्हणून तेथे तो अधिक खुलतो.

हा गुण माणसाला फार पूर्वीच कळला. ईजिप्तचा राजा दुसरा रामसेस सुमारे ३२०० वर्षांपूर्वी वारला. त्याची ममी १९७६ साली पॅरिसला नेऊन तपासली, तेव्हा या वृद्ध राजाच्या पिकलेल्या केसांना मेंदी लावली असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले. सुदानमध्ये लग्नात वधूप्रमाणे वराच्याही हातापायांना मेंदी लावतात. आपल्याकडे राजस्थानातील सोजतची मेंदी नावाजलेली आहे. अरब जगातील १६ देशांच्या मेंदी-परंपरेची नोंद युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली.

जत्रेत ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकतात, ती मात्र निराळी. तासाभरात कोळशासारखा काळा रंग मेंदीच्या पानातून येतच नाही. त्यात बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने कित्येकांच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात, व त्यांचे व्रण महिनोन्महिने राहतात.