गोळी वाटली, पण गिळली का?

हत्तीपाय म्हटलं की डोळ्यांसमोर गावच्या पारावर बसलेलं एखादं म्हातारं माणूस येतं. एक पाय खांबासारखा सुजलेला, कातडी जाड आणि भेगाळलेली. त्यामुळे हा आजार म्हाताऱ्यांचा, खेड्यातला आणि दुसऱ्याचा, असं आपण धरूनच चालतो. मित्रांनो, नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा ही सगळी या रोगाची जुनी घरं आहेत, आणि आपलं हॉस्टेल त्यातच येतं. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. पण वाचत गेलो तसं जाणवलं की यात मेडिकलइतकाच आपल्या विषयांचाही भाग आहे.

आधी जंताची ओळख करून घेऊ. नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. दिसायला पांढऱ्या दोऱ्यासारखा. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब. माणसाच्या लसिकावाहिन्यांत हे जंत पाच-सहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ राहतात आणि मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान त्वचेजवळच्या रक्तात येतात. क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच! म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं रात्री दार वाजवून बोटातून रक्त घेतात. दुपारी घेतलेल्या थेंबात बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही. डासाच्या शरीरात या पिल्लांची वाढ होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधल्या अमॉय इथे दाखवलं.

लागण बहुधा लहानपणीच होते. पाय सुजणं किंवा अंडवृद्धी हे सगळं कित्येक वर्षांनी येतं, काहींना कधीच येत नाही. म्हणजे रक्तात पिल्लं घेऊन फिरणारा माणूस बाहेरून ठणठणीत असू शकतो. क्रिकेट खेळतो, जिमला जातो, सबमिशनच्या रात्री जागतो आणि डासांना जंत पुरवतो.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, एकाचे हजारो होतात. तिथे डास हा ॲम्प्लिफायर आहे. हत्तीरोगात तसं होत नाही. डासाने एक पिल्लू ओढलं तर त्याचा फार तर एकच जंत तयार होतो, आणि बरीच पिल्लं वाटेतच मरतात. गेन एकपेक्षा कमी! शिवाय माणसाच्या अंगात नर-मादी दोन्ही पोचल्याशिवाय पुढची पिढी नाही, आणि त्यासाठी लागण झालेल्या डासांचे शेकडो-हजारो चावे लागतात. या जंताला माणसाशिवाय दुसरा प्राणीही चालत नाही. म्हणून वस्तीतल्या रक्तातली पिल्लं एका मर्यादेखाली आणली की साखळी आपोआप विझत जाते. ही मर्यादा साधारण एक टक्का धरतात. हा रोग संपवता येतो असं जग म्हणतं त्यामागे हे गणित आहे.

मग डासच का मारू नयेत? मारावेतच. क्युलेक्सला घाण पाणी आवडतं. उघडी गटारं, तुंबलेला चेंबर, सेप्टिक टँक. आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घरातली भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करता येतात, सेप्टिक टँक कसा करणार? त्याच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधायची, बस. आमच्या विंगच्या मागे तीन पाइप आहेत, त्यातले दोन उघडे होते. अर्ज दिला, उत्तर आलं नाही, शेवटी मुलांनीच नायलॉनची जाळी आणि बाइंडिंग वायर आणून बांधली. अर्धा तास लागला. झांझिबारमधल्या माकुंदुची गावात तर संडासांच्या खड्ड्यांत थर्माकोलच्या मण्यांचा थर टाकला होता. अळीला श्वास घ्यायला पृष्ठभागच मिळत नाही! पण नुसत्या डासांवर विसंबायचं तर अंगातले जंत मरेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षं, एकही ढिलाई चालत नाही. आपल्याकडची गटारं बघता हे जमेल असं मला तरी वाटत नाही.

म्हणून गोळ्या. भारतात राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सगळ्यांना वर्षातून एकदा डीईसी द्यायला सुरुवात झाली, नंतर अल्बेंडाझोल जोडलं गेलं. सगळ्यांनाच का? कारण कोणाच्या रक्तात पिल्लं आहेत हे चेहऱ्यावर दिसत नाही, आणि रात्री घरोघर सगळ्यांचं रक्त तपासण्यापेक्षा गोळी देणं स्वस्त आणि सुरक्षित आहे. २०१८-१९ मध्ये आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषध जोडून देशातल्या पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली, त्यात आपलं नागपूर होतं. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत तीन औषधांच्या एकाच डोसने वर्षभरानंतर ५७ पैकी ५५ जणांचं रक्त स्वच्छ राहिलं. दोन औषधांच्या गटात ५६ पैकी फक्त १८ जणांचं.

इतकं चांगलं हत्यार असताना रोग अजून का आहे? आपल्या २००२ च्या आरोग्य धोरणात निर्मूलनाचं साल २०१५ होतं, आता २०२७ आहे. श्रीलंका आणि मालदीव २०१६ साली मोकळे झाले, थायलंड २०१७ साली, बांगलादेश २०२३ साली. एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी गोळी घेतली पाहिजे, असा नियम आहे. 'घेतली' म्हणजे गिळली. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांतली तफावत हीच या मोहिमेची जुनी दुखणी आहे.

ती तफावत बघायला लांब जायला नको. गेल्या फेरीत आशाताई आमच्या हॉस्टेलवर आल्या तेव्हाचे संवाद: "ठेवा ताई, जेवल्यावर घेतो." "मले काय झालं बे, तूच खा!" संध्याकाळी कॉरिडॉरच्या डस्टबिनमध्ये गोळ्या होत्या. ताईंच्या रजिस्टरमध्ये मात्र रूम पूर्ण. दर वर्षी तीच माणसं गोळी टाळत राहिली तर जंत त्यांच्याच अंगात टिकून राहतात, आणि बाकीच्यांनी घेतलेल्या गोळ्यांवर पाणी पडतं.

"गोळीने चक्कर येते" ही भीती खोटी नाही. ताप, डोकेदुखी, मळमळ काहींना होते, एक-दोन दिवसांत जाते. पण ती बरेचदा रक्तातली पिल्लं मरत असल्याने होते. म्हणजे ज्याला त्रास झाला त्याला गोळीची गरज जास्त होती, असंच बहुतेक वेळा म्हणता येईल. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं यांना मात्र गोळ्या देत नाहीत. स्टाफ क्वार्टर्समधल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ताईंशी आणि मेस सेक्रेटरीशी बोलून पुढच्या फेरीसाठी ठरवलंय ते असं. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नसतात, म्हणून वाटप रूमवर नाही, रात्रीच्या जेवणानंतर मेसच्या दाराशी होईल. ताई समोर असतील, पाण्याचा जग तिथेच. आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो, म्हणून दाराच्या चौकटीवर आधीच टेपने मोजून खुणा करून ठेवू. ताईंच्या समोर गिळल्यावरच रजिस्टरमध्ये नाव. मेसचे स्वयंपाकी, वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी यांचीही नावं यादीत घेतली आहेत; मागच्या वेळी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. घरी गेलेल्यांची यादी वेगळी काढून ताईंना देऊ, त्या दोन दिवसांनी परत येतील.