केबल कंपनीचा करार रद्द झाला, तर टीव्ही बंद पडेल?

प्रश्न : मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या शहरात राहते. करारभंग केला म्हणून तिथली नगरपालिका केबल कंपनीची फ्रँचायझी रद्द करणार आहे. तिच्या घरचा टीव्ही बंद पडेल का?

उत्तर : लगेच नाही. आपल्याकडे केबलवाला १९९५च्या कायद्याखाली नोंदणी करतो; तिथे मात्र कंपनीला शहराशी करार (म्हणजेच फ्रँचायझी) करावा लागतो, कारण तिच्या तारा सार्वजनिक रस्त्यांवरून, खांबांवरून जातात. त्या बदल्यात शहर केबलच्या उत्पन्नावर शुल्क घेतं. अमेरिकेच्या १९८४च्या केबल कायद्याने त्याची कमाल मर्यादा ५ टक्के ठेवली आहे. शिवाय नगरपालिकेची सभा घरबसल्या दिसेल असं चॅनेलही मागता येतं.

करार मोडायचा म्हणजे साधारणपणे आधी नोटीस, सुधारण्याची मुदत, सुनावणी, मग ठराव. पुढे कंपनी कोर्टात जाऊ शकते. यात महिने जातात, आणि बहुतेकदा तडजोड होते. न्यूयॉर्क राज्याचंच पाहा. १,४५,००० घरं-दुकानांपर्यंत जाळं नेण्याची अट पाळली नाही, म्हणून केबल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या राज्य आयोगाने जुलै २०१८मध्ये चार्टर या केबल कंपनीला दुसऱ्या कंपनीच्या विलीनीकरणासाठी दिलेली मंजुरीच काढून घेतली आणि ६० दिवसांत राज्य सोडण्याची योजना मागितली. २०१९मध्ये समझोता झाला. कंपनी राहिली, पण काम पूर्ण करण्याची नवी तारीख आणि १ कोटी २० लाख डॉलर तिच्या गळ्यात पडले. माझ्या मते हा धाक आवश्यकच होता.

मुलीला सांगा, कराराची प्रत नगरपालिकेत मागून वाच, सेवा कधी बंद होती त्या तारखा लिहून ठेव आणि सुनावणीला नक्की जा.