३० सप्टेंबर: संत जेरोम आणि पहाटेचे तीन छप्पन्न

सण: संत जेरोम, धर्मपंडित (स्मरणदिन)
वाचन: २ तीमथ्य ३:१४-१७
चिंतनासाठी: लूक १३:१-५



आज ख्रिस्तसभा संत जेरोमची आठवण करते. बायबलचं लातिन भाषांतर करणारा हा संत. पण आपण मराठवाड्यातली माणसं. आपल्याकडे ३० सप्टेंबर म्हटलं की आधी किल्लारी आठवतं. १९९३ साली याच तारखेला, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. हे चिंतन वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मीही नव्हतो. तरी या दोन आठवणी एकाच दिवशी येतात, आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत. का, ते सांगतो.

मी नांदेडचा. दहावीनंतर इतर शेकडो पोरांसारखा मलाही घरच्यांनी लातूरला क्लासला पाठवलं. एका काकूंच्या घरी मागची खोली भाड्याने घेतली होती. जेवणाचा डबाही त्यांचाच. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यास. रविवारी मिस्सा चुकवायची नाही, असं आईला कबूल केलं होतं आणि ते पाळतही होतो. देवळातून आलो की काकू विचारायच्या, "काय सांगितलं रे आज तुमच्या फादरनं?" मी मोठ्या उत्साहाने सांगायचो. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वच होता. शंभर वचनं पाठ, कुठला प्रसंग कुठल्या अध्यायात आहे ते तोंडावर.

पहिल्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे जाग आली तर बाहेर ओट्यावर काकू बसलेल्या. दिवा नाही, काही नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. आई, वडील आणि धाकटा भाऊ, तिघेही त्या पहाटे घराखाली गेले. काकूंचं नुकतंच लग्न होऊन त्या लातूरला आल्या होत्या, म्हणून वाचल्या.

काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. मी म्हणालो, "काकू, देवाची इच्छा असते. त्याची काहीतरी योजना असणार."

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माझा भाऊ सात वर्साचा होता लेकरा. त्यानं कुणाचं काय वाकडं केल्तं?" आणि उठून आत गेल्या.

त्या दिवशीचा डबा नेहमीसारखाच वेळेवर आला. मला घास उतरला नाही.

बुरुजाखाली सापडलेली अठरा माणसं

नंतर बऱ्याच महिन्यांनी लूकच्या तेराव्या अध्यायातला एक प्रसंग वाचताना मी थांबलो. आधी कितीतरी वेळा वाचला होता, पण लक्ष गेलं नव्हतं. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लोकांच्या मनात तोच जुना प्रश्न: यांनी काही मोठं पाप केलं असेल का? प्रभू येशू स्पष्ट नकार देतो. ती अठरा माणसं शहरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी नव्हती, असं तो सांगतो. नंतर तो विचारणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो.

इथे दोन गोष्टी नीट बघा. एक, ती माणसं का मेली याचं कारण येशू सांगत नाही. त्याला सांगता आलं असतं, पण तो सांगत नाही. आणि दुसरी, तो मेलेल्यांचा न्याय करत नाही. पश्चात्तापाची हाक आहे ती जिवंत असलेल्यांना, म्हणजे तुम्हाला-मला. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. प्रभूने जे उत्तर दिलं नाही, ते मी सोळाव्या वर्षी ओट्यावर उभं राहून देऊन टाकलं होतं.

ही चूक थोरामोठ्यांकडूनही होते. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यता पाप आहे यात शंकाच नाही. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे विरोध नोंदवला, की निसर्गाच्या घटनेला अशी नैतिक शिक्षा ठरवणं बरोबर नाही. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला.

किल्लारीत माणसं कशाने मेली? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावंच्या गावं उशिरा झोपली होती. घरं दगड-मातीची, जाड भिंतींची. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्पर त्या पहाटे अंगावर आलं. हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित समजला जायचा, त्यामुळे कुणी तसा विचार करून घरं बांधलीच नव्हती. यात पापाचा हिशेब कुठे बसवणार? पण जिवंत राहिलेल्यांनी बदलायला हवं असं मात्र बरंच होतं. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, भूकंपाचा विचार करून घरं बांधली गेली. पश्चात्ताप म्हणजे मन बदलणं आणि वागणंही बदलणं. मला वाटतं, भिंत नीट बांधणं हासुद्धा त्याचाच एक भाग आहे.

लेखणी खाली ठेवणारा भाषांतरकार

आता संत जेरोमकडे येऊ. चित्रांमध्ये हा संत लाल झग्यात, पुस्तकांच्या मध्ये, पायाशी सिंह घेऊन बसलेला दिसतो. सिंहाची गोष्ट ही दंतकथा. माणूस मात्र खराखुरा, आणि स्वभावाने अतिशय तापट. जुन्या मित्राशी, रुफिनसशी, त्याचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत गाजलं. तरी तो संत आहे. आपल्यासारख्या तोंडाळ माणसांना यात थोडा दिलासा आहे.

इ.स. ३८२च्या सुमारास तो रोममध्ये पोप दमासस यांचा सचिव होता. शुभवर्तमानांचं लातिन भाषांतर नीट तपासून देण्याचं काम त्याच्याकडे तेव्हा आलं. ३८६मध्ये तो बेथलेहेमला स्थायिक झाला. तिथे जुना करार थेट हिब्रूमधून लातिनमध्ये आणण्यात त्याची पुढची कितीतरी वर्षं गेली. संत पॉला आणि तिची मुलगी युस्तोखियम या त्याच्या सोबत होत्या. पॉलाने तिथे मठ बांधले आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही बांधली. ज्या गावात योसेफ आणि मरीयेला जागा मिळाली नव्हती, त्या गावात!

आणि मग ४१० साल उजाडलं. ऑगस्टमध्ये अलारिकच्या सैन्याने रोम लुटलं. ज्या शहराला कधी काही होणार नाही असं सगळ्या जगाला वाटत होतं, ते पडलं. जेरोमचे जवळचे स्नेही गेले. बातमी आली तेव्हा तो यहेज्केलच्या पुस्तकावर भाष्य लिहीत होता. आयुष्यभर शब्दांत राहिलेल्या या माणसाला शब्दच सुचेनात.

पुढे बेथलेहेममध्ये निर्वासितांचे लोंढे यायला लागले. काल श्रीमंत असलेली माणसं आज अन्नाला महाग झाली होती. जेरोमने काय केलं? ही आपत्ती का आली याचं प्रवचन देत तो बसला नाही. भाष्याचं काम त्याने बाजूला ठेवलं आणि आलेल्यांची सोय बघायला लागला. शास्त्रातले शब्द आता कृतीत उतरवायची वेळ आहे, पवित्र बोलण्यापेक्षा पवित्र करण्याची, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. लिखाण त्याने सोडलं नाही. दिवसा वेळ मिळेना म्हणून रात्री दिव्याच्या उजेडात, म्हातारपणी अधू झालेल्या डोळ्यांनी तो ते करत राहिला.

मला हा जेरोम फार जवळचा वाटतो. हिब्रूतून लातिनमध्ये त्याने बायबल आणलं हे त्याचं एक भाषांतर. लातिनमधून भाकरीत, पाण्यात, अंथरुणात आणलं हे दुसरं. पहिलं आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. दुसरं सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

आजच्या वाचनात पौल तीमथ्याला तेच सांगतो. शास्त्र शिकवण्यासाठी आहे, चूक दाखवण्यासाठी आहे, सुधारण्यासाठी आहे. पण वाक्य कुठे संपतं बघा: देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामासाठी तयार व्हावा म्हणून. शेवट कामावर आहे. आणि चूक दाखवायची ती आधी स्वतःची. मी शास्त्र वापरलं होतं ते दुसऱ्याच्या दुःखाचं तोंड बंद करायला.

आपल्या भाषेत, आपल्या मातीत

आपल्या मराठीलाही जेरोमच्या वाटेवरची माणसं लाभली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचं काम सांभाळत मूळ भाषांवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. दुष्काळातल्या बायका-मुलींना आसरा देणारे हात आणि भाषांतर करणारे हात एकच होते. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं. त्यातल्या 'नवा करार'ला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हेच फादर वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावरही उतरले होते. आणि जानेवारी २०२०मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते. संमेलन कुठे होतं? उस्मानाबादला. त्याच भूकंपग्रस्त जिल्ह्यात. बायबल मराठीत आणणारा एक कॅथलिक धर्मगुरू मराठवाड्याच्या मातीत मराठीच्या व्यासपीठावर होता, हे आठवलं की मला आजही बरं वाटतं. २५ जुलै २०२४ला ते प्रभूघरी गेले.

ओट्यावर

लातूरच्या दुसऱ्या वर्षी मी ३० सप्टेंबरला साडेतीनचा गजर लावला. काकू ओट्यावर होत्याच. मी शेजारी जाऊन बसलो. काहीच बोललो नाही. तीन छप्पन्न कधी झाले कळलंही नाही, कारण घड्याळ कुणीच बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "गणपती पाण्यात सोडताना लई रडला होता म्हणं तो. शेजारची एक बाई सांगत होती." मी नुसता "हं" म्हणालो. उजाडल्यावर त्यांनी चहा केला. मी गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू लहान होतास."

माफ केलं की नाही, ते मला आजही नीट माहीत नाही. पण आता मी नांदेडला नोकरी करतो आणि दर वर्षी या दिवशी सकाळी त्यांना फोन करतो. त्या काय खाल्लं ते विचारतात. मीही तेच विचारतो.

एलीया डोंगरावर उभा होता तेव्हा सुसाट वारा आला, भूकंप आला, आग आली. परमेश्वर त्यांत नव्हता. नंतरच्या हळू, शांत आवाजात तो होता (१ राजे १९:११-१२). त्या ओट्यावरच्या शांततेत मला तो थोडासा ऐकू आला, एवढंच मी म्हणू शकतो.

आज करण्यासाठी

१. लूक १३:१-५ सावकाश वाचा. कुणाच्या दुःखाला तुम्ही घाईने कारण चिकटवलं होतं का, ते आठवा. शक्य असेल तर त्या व्यक्तीची माफी मागा.

२. तुमच्या घरात, शेजारी किंवा मेसमध्ये १९९३ची पहाट पाहिलेलं कुणी असेल. त्यांच्याजवळ बसा. विचारा आणि ऐका. मध्ये वचन सांगू नका.

३. आज वाचलेल्या शास्त्राचं एक 'भाषांतर' कृतीत करा. एक डबा, एक फोन, दवाखान्यात एक चक्कर. छोटं चालेल.

प्रार्थना

हे प्रभू येशू, संत जेरोमला तू तुझ्या वचनाची गोडी दिलीस आणि निर्वासित दारात आले तेव्हा लेखणी खाली ठेवण्याचं बळही दिलंस. आम्हालाही दोन्ही दे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे गेलेल्या सर्वांना तुझ्याजवळ विसावा दे. जे मागे राहिले त्यांना सोबत दे. जिथे आमच्याकडे उत्तर नाही, तिथे आम्हाला गप्प बसायला शिकव, पण उठून निघून जाऊ देऊ नकोस. आमेन.

संत जेरोम, आमच्यासाठी विनंती कर.