गिलाव्यापूर्वी

चि. बाळ यास,

वहिनींच्या पत्रातील एक मजकूर वाचल्यापासून चित्त स्वस्थ नाही. नव्या घरात सौर बंबाचे गरम पाणी खाली आणण्यासाठी तू जस्ती लोखंडी पाइप आणलास, बंबापाशी तांबे आणि न्हाणीत पितळी कॉक योजलेस, आणि भिंतींना झिऱ्या मारूनही झाल्या, असे त्यांनी लिहिले. त्यांनी ते आनंदाने कळवले; पण ज्याची सारी उमेद साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी खर्ची पडली, त्याच्या डोळ्यांपुढून तो गिलाव्याआड गडप होणारा पाइप हलेनासा झाला आहे.

थंड मुलखांत घरोघरी लोखंडी रेडिएटरमधून गरम पाणी फिरते आणि ते दशकानुदशके टिकते, असा तुझा जबाब येईल हे मी जाणतो. तो खोटा नाही. परंतु तिकडे एकदा भरलेले तेच पाणी बंद फेऱ्यात फिरत राहते, त्यात विरघळलेला प्राणवायू प्रारंभीच्या थोड्या गंजात संपून जातो, आणि पुढे लोखंडाला खाणारे फारसे काही उरत नाही. म्हणूनच तिथे प्लास्टिकचा पाइप घातला तरी त्याला प्राणवायू अडवणारा थर आहे की नाही, याची आधी चौकशी करतात. आम्हीदेखील बॉयलरला पाणी देण्यापूर्वी त्यातला प्राणवायू काढून घेत असू. तुझ्या बंबात मात्र रोज जितके पाणी उपसले जाईल तितके नवे पाणी नव्या प्राणवायूसह शिरणार, आणि ऊब मिळाली की गंज दुप्पट उत्साहाने कामाला लागणार. जस्ताचा मुलामा आहे म्हणशील, तर त्याचा भरवसा थंड पाण्यापुरता धरावा. साठ अंशांच्या पुढे काही पाण्यांत जस्त आणि लोखंड यांचे नातेच उलटते. ज्याने झिजून लोखंड राखायचे ते जस्त शाबूत राहते आणि लोखंड झिजते. त्यातच तांब्यावरून आलेले पाणी तांब्याचे सूक्ष्म अंश पुढच्या जस्तावर नेऊन बसवते, आणि नेमक्या त्या जागी पाइपाला छिद्र पडते. हे सारे भिंतीच्या आत, कोणाच्याही नजरेस न येता!

शिवाय आपले पाणी साधे नव्हे. बोअरचे पाणी जड, आणि उजनी धरणाच्या फुगवट्यातले पाणी पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन आलेले. जलपर्णीचे गालिचे तू रोज पाहतोस. सांडपाण्याबरोबर अमोनिया येतो आणि ताणाखाली आवळलेल्या पितळेला तो तडकवतो. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपसूक तडकत, त्याचे मूळ घोड्यांच्या मूत्रातील अमोनियात होते, हा उलगडा १९२१ साली झाला. तेव्हा फुगवट्यावरच्या जॅकवेलचे पाणी बंबाला देण्याचा बेत असेल तर तो आधी रद्द कर, आणि बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत धाड. क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या बरेच पुढे निघाले तर ३०४ जातीच्या स्टीलच्या टाकीवर विसंबू नकोस. ३१६ जातीत मॉलिब्डेनम असते, ती क्षाराला सहजी दाद देत नाही. पाइप सीपीव्हीसीचा घे, साधा पीव्हीसी मुळीच नको, कारण तो उष्णतेने मऊ पडतो. टाकीलगतचा पहिला तुकडा मात्र स्टीलचाच ठेव. कारण उन्हाळ्यात घर बंद राहिले की बंबातले पाणी उकळीला येते. आणि क्षार काढायला येणारा कोणी बाटलीतले मिठाचे ॲसिड टाकीत ओतू लागला, तर त्याचा हात धर. त्या ॲसिडाने स्टीलला खड्डे पडतात. सायट्रिक ॲसिडाने काम हळू होते, पण टाकी वाचते.

दरवाजाच्या नक्षीवर हात सैल सोडायचा आणि भिंतीआडच्या पाइपावर काटकसर करायची, ही रीत मला बिलकूल पसंत नाही. नक्षी उद्या बदलता येते. पाइपासाठी घर फोडावे लागते.

फार कडक लिहिले गेले. बाळ, धरणात पाणी अडले आणि आपले जुने गाव त्याखाली जाऊ लागले, तेव्हा मी नोकरीवर होतो. जुन्या वाड्याच्या तुळया आणि चौकटी बैलगाडीत घालून दादांनी, तुझ्या वडिलांनी, नव्या गावठाणात एकट्याने घर उभे केले. मोबदल्यासाठी कचेरीचे खेटेही त्यांनीच घातले. मी दरमहा मनीऑर्डर धाडली आणि तेवढ्यात माझे कर्तव्य उरकले असे मानले. त्या घराच्या एकाही भिंतीला माझा हात लागलेला नाही. दादांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला आज अधिक लागते. तुझ्या भिंतीतल्या पाइपासाठी मी एवढा हवालदिल का होतो, हे आता तुझ्या ध्यानी येईल.

आणलेला पाइप थंड पाण्याला लावून टाक, तो वाया जाणार नाही. गरम पाण्याच्या पाइपाचा आणि टाकीचा वाढीव खर्च माझ्याकडे. त्यावर वाद घालू नकोस आणि वहिनींना सांगू नकोस. गिलावा चार दिवस लांबणीवर टाक, मी जेऊरला गाडीने उतरतो. स्टेशनवर यायची खटपट करू नकोस, एसटी मिळते. तू रात्री उशिरापर्यंत विटांवर पाणी मारत बसतोस आणि जेवणाचे भान ठेवत नाहीस, असेही पत्रात होते. मी येईन तेव्हा ते काम माझ्याकडे दे आणि तू वेळेवर जेवून झोप. तुझ्या आवडीचा लसणाचा चिवडा तुझी काकू सोबत देणार आहे.

तुझा,
काका